लिफ्टला वाचा फुटली

माणसाने एकदा 'त्यात काय, दोन दिवसांचं काम' असे म्हटले की समजावे, आता महिनाभर घरात कुणालाही सुख नाही. शास्त्रज्ञांनी हे वाक्य एका रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप हातात असताना उच्चारले आणि त्यांच्या बायकोने त्याच क्षणी कपाळाला हात लावला.

शास्त्रज्ञ ही पदवी त्यांना इमारतीने बहाल केली होती. एरवी ते एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासत. पण मागे एकदा त्यांनी दाराच्या बेलला काहीतरी यंत्र जोडले आणि ती बेल कुणी न दाबताच वाजू लागली, तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना शास्त्रज्ञ म्हणू लागले. सेक्रेटरींनी ते चेष्टेने म्हटले होते. ह्यांनी ते मनावर घेतले. माणूस तसा सरळ, हौशी आणि मदतीला धावणारा. खोड एकच. समोरच्याचे वाक्य अर्ध्यावर आले की उरलेले वाक्य हेच पुरे करून टाकत. बायकोने 'अहो, ऐकलंत का, उद्या सकाळी' एवढे म्हणायचा अवकाश, की ते 'लवकर उठव, कळलं' म्हणून मोकळे. उद्या सकाळी पाणी येणार नाही, हे त्यांना साबण लावल्यावर कळायचे.

तर ते काम. शास्त्रज्ञांचे सासरे त्यांच्याकडेच राहत. सगळी इमारत त्यांना बाबा म्हणे. आयुष्यभर तार खात्यात नोकरी. टकटक ऐकून निरोप उतरवून घेण्यात हयात गेली. गेल्या दोन वर्षांत डोळे जवळजवळ गेले होते, पण रोज संध्याकाळी पाचला काठी घेऊन चौथ्या मजल्यावरून एकट्याने खाली उतरायचे, फाटकाजवळच्या बाकावर दोन मित्रांबरोबर तासभर बसायचे आणि एकट्यानेच वर यायचे, हा नेम त्यांनी सोडला नव्हता. लिफ्टची बटणे काचेसारखी गुळगुळीत; पण आपल्या मजल्याचे बटण खालून पाचवे, हे बोटांना पाठ होते. पंचाईत व्हायची ती मधे कुणी लिफ्ट थांबवली की. दार उघडले म्हणजे आपला मजला आला, असे धरून बाबा उतरत, आणि असे ते दोनदा तिसऱ्या मजल्यावर उतरले.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोरच एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत आणि त्यांचे दार दिवसभर सताड उघडे असे. पहिल्या खेपेला बाबा आत गेले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा टाक गं." मुख्याध्यापिकाबाईंनी चहा टाकला. दुसऱ्या खेपेला त्यांनी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला आणि बाईंनी तो कमी केला. बाईंना या दोन्ही गोष्टींची इतकी मौज वाटली की त्यांनी ती इमारतभर सांगितली. सांगताना त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, पण बाबांच्या कानावर ते हसू गेले. बाबांनी काठी दाराआड ठेवली ती ठेवलीच. चार महिने झाले, ते खाली गेले नव्हते. कुणी हात धरून नेतो म्हटले तर म्हणत, मी काय पार्सल आहे का? खिडकीपाशी बसून राहत, आणि पाच वाजले की त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर टकटक करू लागत. शास्त्रज्ञांच्या बायकोला ते बघवत नव्हते.

शास्त्रज्ञांचा बेत असा, की लिफ्टने बोलायचे. कितवा मजला आला, दार उघडले की मिटले, सगळे तिनेच सांगायचे. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये लिफ्टचा कंट्रोलर होता आणि त्याला खाली नऊ पिनांचे एक तोंड होते, ज्याला सीरियल पोर्ट म्हणतात. लिफ्ट जे जे करते ते ते हे यंत्र या पोर्टातून एकेका अक्षराने बाहेर सांगत बसते. ऐकणारे कुणी नसले तरी सांगते. तिथे घरातला जुना लॅपटॉप जोडायचा, त्याने तो निरोप वाचायचा, आणि त्याप्रमाणे आधी भरून ठेवलेला आवाज लिफ्टमधल्या स्पीकरवर सोडायचा. पूर्वी त्या स्पीकरवर संगीत वाजे. ते बंद पडून सात वर्षे झाली होती, पण वायर शाबूत होती.

सेक्रेटरींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि अर्ज मागितला. अर्ज दिल्यावर त्यांनी लिफ्ट कंपनीचे पत्र मागितले. लिफ्ट कंपनीने एक फॉर्म पाठवला. त्यात कामाचे स्वरूप या रकान्यात दुरुस्ती, बदल आणि नवीन लिफ्ट असे तीनच पर्याय होते; बोलणे हा पर्याय नव्हता. शास्त्रज्ञांनी 'बदल'वर खूण केली, तेव्हा कंपनीने लिफ्टचा जुना दोर परत करावा असे कळवले. दोर कशाला, असे विचारले, तर उत्तर आले की बदल म्हणजे दोराचा बदल, बाकी कशाला कंपनी बदल म्हणत नाही. असा पत्रव्यवहार अठरा दिवस चालला. शेवटी एकदा कंपनीचा मेकॅनिक तेलपाणी करायला आला, त्याने पोर्टाकडे पाहिले आणि म्हणाला, ऐकायचंय ना नुसतं? ऐका की. फक्त उलट काही बोलू नका तिला. शास्त्रज्ञांनी हे लेखी मागितल्यावर त्याने तेलकट हाताने फॉर्मच्या मागे 'ऐकण्यास हरकत नाही' असे लिहून दिले आणि सेक्रेटरींनी ते फाइलला लावले.

दरम्यान सल्ले सुरू झाले होते. पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचे म्हणणे, आवाज पुरुषाचा हवा, लोक घाबरून नीट उतरतात. मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे, उच्चार स्पष्ट हवेत आणि त्या स्वतः मोकळ्याच आहेत. सेक्रेटरींचे म्हणणे, प्रत्येक मजल्यानंतर थकबाकीची आठवण करून देता आली तर बरे. शास्त्रज्ञांनी सगळ्यांची वाक्ये अर्ध्यावर तोडली आणि आवाज बायकोचा घ्यायचे ठरवले, कारण बाबा तो कुठल्याही गर्दीत ओळखत.

बायकोला कपड्यांच्या कपाटात बसवून ध्वनिमुद्रण झाले. बाहेरचा आवाज नको म्हणून कपाट. आत हवा नव्हती, दिवा नव्हता, आणि गॅसवर दूध होते. पहिला, दुसरा, तिसरा तिने भराभर म्हटले. चौथा फार मायेने म्हटला, कारण तो घरचा. सहावा मात्र तिने अशा काही सुरात म्हटला की ऐकणाऱ्याने वचकावे; सहाव्या मजल्यावरच्यांनी त्यांची शिडी नेऊन वर्ष झाले होते. 'दार उघडत आहे', 'दार बंद होत आहे' आणि 'वजन जास्त झाले आहे, कृपया एकाने उतरावे' हेही झाले. तेवढ्यात दूध उतू गेले.

आता निरोप वाचायचा. शास्त्रज्ञ मशीनरूममध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि बायकोला तळमजल्यावरून थेट सातव्यावर यायला सांगितले. दार मिटून लिफ्ट सुटल्यावर त्यांनी पोर्टाला वायर जोडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे टपटप पडू लागली. पहिल्या मजल्याची आठ अक्षरे. दुसऱ्याची आठ. तिसऱ्याचीही आठ. सहाव्यापर्यंत आठच आठ पाहून ते इतके हरखले की लिफ्ट सातव्यावर पोचून दार उघडेपर्यंत थांबायचाही धीर त्यांना निघाला नाही. 'कळलं!' म्हणून ते उठले आणि त्यांनी प्रोग्रॅम लिहायला घेतला: आठ अक्षरे मोजून घ्यायची, एक निरोप झाला. पुढची आठ घ्यायची, दुसरा झाला.

मधूनमधून दोन भलतीच चिन्हे येत, ती पडद्यावर नीट दिसतही नसत. तो तारेतला कचरा, असे ठरवून त्यांनी तो गाळून टाकायची सोय केली, आणि ही सोय केल्याचा त्यांना विशेष अभिमान वाटला. शिवाय आणखी एक शहाणपणा केला. एखादा निरोप अर्धवट आला किंवा कळला नाही तर प्रोग्रॅमने अडून बसू नये, जवळात जवळचा अंदाज करून बोलून टाकावे. थोडक्यात, त्यांनी लॅपटॉपला स्वतःसारखेच करून ठेवले.

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी ठेवले होते. पहिला मान मुख्याध्यापिकाबाईंनी परस्पर घेतला. तळमजल्याचे दार मिटल्यावर शास्त्रज्ञांनी यंत्र सुरू केले, आणि 'पहिला मजला', 'दुसरा मजला' असे आवाज लिफ्टच्या बोगद्यातून इतके स्वच्छ आले की जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबून जिन्याने निघून गेले होते; तिथे लिफ्ट थांबली, दार उघडले, आणि इथेच घात झाला. दार उघडल्याचा निरोप नऊ अक्षरांचा होता. प्रोग्रॅमने आठ घेतली, नववे मागे राहिले. आगगाडीत आठ-आठ माणसे मोजून डब्यात बसवावीत आणि एका कुटुंबात नऊ जण निघावेत, तसे झाले. नववा पुढच्या डब्यात शिरला, तिथला शेवटचा त्याच्यामुळे मागे ढकलला गेला, आणि त्यानंतर कुठल्याच डब्यात एका घरची माणसे राहिली नाहीत. त्यात दार मिटल्याचा निरोप अकरा अक्षरांचा. प्रोग्रॅम मात्र डगमगला नाही, प्रत्येक गोंधळाचा अंदाज करून तो ठणकावून बोलत राहिला.

मुख्याध्यापिकाबाई लिफ्टमध्ये एकट्या उभ्या होत्या. लिफ्ट म्हणाली, वजन जास्त झाले आहे, कृपया एकाने उतरावे. बाईंनी आजूबाजूला पाहिले. मग ज्या नजरेने त्यांनी पस्तीस वर्षे वर्ग गप्प केले होते त्या नजरेने स्पीकरकडे पाहिले. लिफ्टने तेच पुन्हा म्हटले. बाई तिसऱ्या मजल्यावर उतरल्या, शास्त्रज्ञांना फोन केला आणि एकाने म्हणजे नक्की कुणी, एवढेच विचारले. दातांचे डॉक्टर लिफ्टच्या सांगण्यावरून सहाव्यावर उतरले आणि शिडीवाल्यांच्या कुलपात पाच मिनिटे स्वतःची किल्ली फिरवत राहिले. आश्चर्य म्हणजे डोळे शाबूत असलेली माणसेसुद्धा समोरचा आकडा बघेनाशी झाली होती. इतक्या ठामपणे कुणी सांगितले तर माणूस मान डोलावतोच.

शास्त्रज्ञांनी त्या संध्याकाळी थोडी फिरवाफिरव केली, तीनदा तपासले, तिन्हीदा लिफ्ट बरोबर बोलली. तिन्ही वेळा ती मधे कुठे थांबली नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. रविवारी पाच वाजता त्यांनी बाबांची मनधरणी केली. लेकीचाच आवाज आहे म्हटल्यावर बाबा कसेबसे उठले. जाताना शास्त्रज्ञ बरोबर होते, सगळे ठीक झाले. येताना बाबा म्हणाले, आता मी एकटा येतो.

मधे तिसऱ्यावर लिफ्ट थांबली. दार उघडले, आणि लेकीच्या आवाजात, अगदी मायेने, लिफ्ट म्हणाली, "चौथा मजला."

बाबा उतरले. चपला काढल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी या वेळी कुणाला काही सांगितले नाही, हसल्याही नाहीत. मुकाट्याने एक कप पुढे केला. बाबांनी तो उभ्यानेच प्यायला. बाईंनी त्यांना वर आणून सोडले तेव्हा बाबांचा चेहरा पाहून शास्त्रज्ञ हातातले काम टाकून उठले.

"परक्याने फसवलं तर माणूस समजू शकतो," बाबा म्हणाले. "मला माझ्या पोरीच्या आवाजाने परक्याच्या दारात उभं केलं."

हे ऐकून बायको आत निघून गेली आणि तिने शास्त्रज्ञांशी अबोला धरला. लिफ्टमध्ये मात्र ती अखंड बोलत होती. दोन दिवस शास्त्रज्ञांनी बायकोचा आवाज ऐकला तो फक्त येताजाता लिफ्टमध्ये, आणि तोही त्यांना चुकीच्या मजल्यावर उतरायला सांगत होता. खरे सांगायचे तर त्यांना रडू यायचे बाकी होते. बेल आपोआप वाजली तर हसण्यावारी नेता येते. इथे एका म्हाताऱ्या माणसाने ठेवलेला विश्वास त्यांनी मोडला होता आणि ते त्यांना झोंबत होते.

मग त्यांनी मोजणे सोडले. सगळे निरोप आठ अक्षरांचे नसतात, एवढे तरी आता कळले होते. निरोपानिरोपांत थोडी शांतता असते; तेव्हा अक्षरे साठवत जायचे, यंत्र दोन सेकंद गप्प बसले की निरोप संपला असे धरायचे, आणि एका वेळी जेवढे निरोप हाती लागतील तेवढे ओळखून बोलायचे. दुपारच्या सामसुमीत हे झकास चालले. पण सकाळी आठ ते अकरा, सगळी इमारत कामाला निघालेली असताना, लिफ्ट दोन सेकंद गप्प कशी बसणार? ती बोलतच राहिली, लॅपटॉप सभ्यपणे तिचे संपायची वाट बघत राहिला, आणि अकरापर्यंत लिफ्टमध्ये चिडीचूप होती.

अकराला लिफ्ट तळमजल्यावर दार उघडे टाकून निवांत उभी राहिली, आणि दोन सेकंदांनी बायकोच्या आवाजात तीन तासांचा साठलेला प्रवास सांगू लागली. आत चिटपाखरू नव्हते. पाचवा मजला, दार उघडत आहे, दार बंद होत आहे, चौथा मजला, तिसरा मजला, दुसरा मजला, दार उघडत आहे, दार बंद होत आहे, पहिला मजला, तळमजला, आणि थोड्या वेळाने पुन्हा दुसरा मजला, दार उघडत आहे. पाऊण तास हे पारायण चालले होते. भाजी घेऊन आलेल्या बायका पिशव्या खाली ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. त्यांत सेक्रेटरींची बायकोही होती. दुसऱ्या मजल्यावर दोनच घरे, एक सेक्रेटरींचे आणि दुसरे वर्षभर बंद. सेक्रेटरींना डॉक्टरांनी जिने चढायला सांगितले होते, आणि मी रोज चारचार वेळा चढतो असे ते घरी सांगत आले होते. त्यांच्या बायकोने बोटांवर मोजले. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावर दार सहा वेळा उघडले होते.

दुपारी दोनला नोटीस आली. बोलण्याची यंत्रणा ही रहिवाशांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ असून ती रविवारच्या सभेपूर्वी काढून टाकावी, असे त्यात होते. खाली सेक्रेटरींची सही नेहमीपेक्षा जास्त दाबून केलेली होती.

शनिवारी दुपारी शास्त्रज्ञ सगळे उतरवायला गच्चीवर निघाले. तेव्हा बायको आठवड्यानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. निदान गच्चीवर तरी बाबांना घेऊन जा, म्हणाली. कुणाला भेटायचे नव्हते म्हणून बाबाही आले. मशीनरूमच्या दाराशी स्टूल टाकून ते वाऱ्याला बसले आणि आत शास्त्रज्ञ पडद्याकडे बघत, सुतकात बसल्यासारखे, येणारे एकेक अक्षर मोठ्याने म्हणू लागले. डी, ओ, ओ, आर.

थोड्या वेळाने बाबांची बोटे काठीवर टकटक करू लागली होती.

"मधे थांबता कशाला?" बाबांनी विचारले.

कचरा येतो मधे, शास्त्रज्ञ म्हणाले. दोन वेडीवाकडी चिन्हे. ती आपण गाळतो.

"केव्हा येतो हा कचरा?"

"येतो अधूनम..." म्हणता म्हणता शास्त्रज्ञ पडद्याकडे वाकले. मजल्याचा निरोप आला, त्यामागे ती दोन चिन्हे. दार उघडल्याचा आला, त्यामागे ती दोन. दार मिटल्याचा, पुन्हा तीच. दहा निरोप त्यांनी तोंड न उघडता पाहिले. त्यांच्या आयुष्यात असे क्वचितच झाले होते.

"शेवटी येतो," ते हळूच म्हणाले. "दर वेळी. शेवटीच."

"जे न चुकता शेवटी येतं, तो कचरा नसतो जावईबापू. निरोप संपल्याची खूण असते ती. आम्हीही तार संपली की अशीच खूण देत होतो." बाबांनी काठी आपटली. "तुम्ही खूण फेकून दिलीत आणि आठवडाभर निरोप कुठे संपतो ते शोधत बसलात."

मग बाबा नोकरीतले बोलू लागले. समोरचा काय म्हणणार याचा अंदाज करायला त्यांच्याकडे सक्त मनाई होती. अर्धी तार ऐकून कुणी पुढचे लिहिले तर साहेब कागद फाडून टाकत. एकदा एका हुशार गड्याने 'उद्या येत' एवढे ऐकून 'आहे' लिहिले आणि उठला. होते 'उद्या येत नाही'. एक अख्खे घर दोन दिवस स्टेशनवर बसून राहिले. जे येईल ते टिपायचे, खूण आली की तेवढे तोडायचे, आणि खुणेच्या पुढचे एक अक्षर जरी हाताला लागले असले तरी ते पुढच्या तारेसाठी राखून ठेवायचे. खुणेआधी बोलायचे नाही. समजले नाही तर गप्प बसायचे, पण मनाचे सांगायचे नाही.

शास्त्रज्ञांनी हे सगळे शेवटपर्यंत ऐकले. मग अंदाजाचा भाग मुळासकट खोडला, कचरा गाळणारी चाळण काढली, आणि बाबांनी सांगितले तसे जसेच्या तसे लिहिले. पूर्वीच्या प्रोग्रॅमपेक्षा हा निम्मा झाला. संध्याकाळपर्यंत दोघे तिथेच बसून होते. लिफ्ट बोलली की शास्त्रज्ञ खाली वाकून जिन्यात बघून येत, आणि बाबा बरोबर की चूक ते बोटांवर मोजत. साठातले साठ बरोबर आले. तरी बाबा खाली जायचे नाव काढेनात. आवाज तोच आहे, एवढेच म्हणाले.

रविवारी सभा तळमजल्यावर लिफ्टसमोरच भरली होती. सेक्रेटरींनी पेचकस आणून ठेवला होता. शास्त्रज्ञांनी एकदाच संधी मागितली. सेक्रेटरींनी एका माणसाने तरी खात्री द्यावी, म्हटले. कोण देणार? दातांचे डॉक्टर छताकडे बघू लागले.

तेवढ्यात वरून बायकोचा फोन आला. "अहो, बाबा," ती म्हणाली. शास्त्रज्ञांच्या ओठांवर पुढचे वाक्य आले होते, ते त्यांनी गिळले. "बाबा काठी घेऊन लिफ्टमध्ये गेले. मला येऊ दिलं नाही. म्हणाले, साठ मोजलेत, एकसष्टावं मी."

दारावरचा आकडा चारवरून हलला. तीनवर आला आणि थांबला. वरून दार उघडल्याचा आवाज आला आणि बायकोचा आवाज काहीतरी म्हणाला, पण काय ते सभेला नीट ऐकू आले नाही. मग बराच वेळ काहीच नाही. एवढा वेळ तर चपला काढायलाही पुरला असता. शास्त्रज्ञ जिन्याकडे धावणार तोच आकडा पुन्हा हलला. दोन. एक.

"तळमजला," बायको म्हणाली. "दार उघडत आहे."

आत बाबा होते आणि त्यांच्या शेजारी मुख्याध्यापिकाबाई. बाई सभेला उशिरा निघाल्या होत्या.

"मी म्हटलं, या आत, चहा घेऊ," बाईंनी सभेला सांगितले. "तर म्हणाले, हा तिसरा आहे बाई. आज मी तुमच्याकडे उतरणार नाही."

बाबा ताठ उभे होते. काठी पुढे टाकत ते सभेच्या मधून चालत गेले, फाटकाजवळच्या बाकाशी थांबले, हाताने बाकाची कड चाचपली आणि बसले. वर खिडकीत बायको दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. ती रडत होती, आणि खाली शास्त्रज्ञही डोळ्यात काही गेल्याचे निमित्त शोधत होते. सेक्रेटरींनी पेचकस खिशात टाकला. दुसऱ्या मजल्याचा आवाज थोडा लहान ठेवता आला तर बघा, एवढेच ते कानाशी येऊन म्हणाले.

बाबा जेवायच्या वेळेला वर येतो म्हणाले होते. ती वेळ टळून अर्धा तास झाला. शास्त्रज्ञांनी खिडकीतून पाहिले, तर बाकावर कुणीच नव्हते. बायको कावरीबावरी झाली. शास्त्रज्ञांनी लिफ्टचे बटण दाबले, ती येईना. आकडा तीनवर थांबे, दोनवर थांबे, पण चौथ्यावर यायचे नावच नाही. ते जिन्याने धावत खाली गेले आणि तळमजल्यावर दार उघडले तेव्हा आत तीन म्हातारे उभे होते. बाकावरचे दोन मित्र दोन बाजूंना आणि मधे बाबा, मान किंचित वर करून.

"बाबा, घरी चला, वाट बघतोय आम्ही."

"जावईबापू का? दार अडवू नका," बाबा म्हणाले. "यांना सातवा ऐकायचा राहिलाय."

दार मिटले. शास्त्रज्ञ चार मजले जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर धाप लागली, आणि भिंतीपलीकडून त्यांची बायको 'तिसरा मजला' म्हणत वर गेली, मागोमाग बाबांचा आवाज आला, "बरं गं." तिने चौथा म्हटले, बाबा पुन्हा म्हणाले, "बरं गं." शास्त्रज्ञ कठड्याला धरून हसत राहिले, पाय दुखत होते तरी हसत राहिले. घराच्या दारात बायको उभी होती. बाबा कुठे आहेत, तिने विचारले.

"सहाव्यावर," शास्त्रज्ञ धापा टाकत म्हणाले.

वरून तिचाच आवाज आला, आणि दोघांनीही तो शेवटपर्यंत ऐकला.

"सातव्यावर," शास्त्रज्ञ म्हणाले.